कोणत्या वर्षीचा वसंत?

१८८९ च्या मे महिन्यात क्लोद मोने या चित्रकाराने एका ओकच्या झाडाची पानं पैसे देऊन काढायला लावली.

फ्रान्सच्या मध्यभागी क्रूझ नदीचं खोरं आहे. मोने मार्चमध्ये तिथे जाऊन राहिला होता. खडकाळ काठ, निष्पर्ण झाड, थंडीतला करडा-जांभळा उजेड, हे सगळं त्याला रंगवायचं होतं. पण खराब हवेत आठवडेच्या आठवडे वाया गेले, चित्रं अर्धवट राहिली आणि मे उजाडला तेव्हा त्या म्हाताऱ्या ओकला कोवळी पालवी फुटली होती. कॅनव्हासवर हिवाळा, समोर वसंत. मोनेने झाडाच्या मालकाला गाठलं, परवानगी काढली, माणसं लावली. त्यांनी दरीत शिड्या नेऊन पानं खुडली आणि मोनेने आपला हिवाळा पुरा केला.

हा किस्सा बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात स्पॉटवर जाऊन लँडस्केप करणाऱ्या प्रत्येकाची मूळ अडचण दिसते. ऋतू चित्रकारापेक्षा वेगाने चालतो. आणि ऋतू चालायला लागला की चित्रकाराला ठरवावं लागतं, की आपण ‘हिवाळा’ नावाची कल्पना रंगवतोय की आज समोर आहे ते. क्रूझच्या खोऱ्यात मोनेने कल्पनेच्या बाजूने कौल दिला. पानं खुडल्यावर जे उरलं ते हिवाळ्यासारखं दिसणारं मे महिन्यातलं झाड होतं.

पुढच्याच वर्षी त्याने दुसरा मार्ग काढला. १८९० च्या उन्हाळ्याअखेरीपासून १८९१ च्या सुरुवातीपर्यंत त्याने जिव्हर्नीतल्या आपल्या घराजवळच्या शेतात, धान्याच्या पेंढ्यांच्या गंजींची सुमारे २५ चित्रं केली. एकाच वेळी अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, अशी ही पद्धत. मे १८९१ मध्ये त्यातली १५ चित्रं पॅरिसमध्ये द्युरां-र्‍युएलच्या दालनात एकत्र मांडली गेली. इथे झाडाला थांबवायची गरज उरली नाही. थांबायचं काम गंजीने केलं, बदलायचं काम हवेने. ही चित्रं मोठी आहेत याबद्दल माझा वाद नाही. पण त्यांची नावं बघा. उन्हाळ्याची अखेर, बर्फ, सकाळ, सूर्यास्त. सही शेजारी वर्ष असतं, पण चित्र ज्याच्या मागे आहे तो उजेडाचा एक प्रकार आहे. तशी सकाळ पुढच्या हिवाळ्यातही आली असती.

मला इथे बोलायचंय ते ज्याने हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी पुन्हा हातात घेतला, त्या डेव्हिड हॉकनीबद्दल. त्याच्या वसंताच्या चित्रांनी काय साधलं आणि त्यातलं काय त्याच्याच हातून निसटलं, याबद्दल.

एक साधा रस्ता

हॉकनी हे नाव ऐकलं की बहुतेकांना कॅलिफोर्नियाचे निळे स्विमिंग पूल आठवतात. १९३७ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावात तो जन्मला आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. तिथल्या उन्हाने त्याला प्रसिद्धी दिली. पण त्या उन्हात एक गोष्ट नव्हती. ऋतू फारसे बदलत नव्हते. साठी ओलांडल्यावर तो यॉर्कशरला अधिकाधिक परतू लागला. आई ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावात राहायची. ती १९९९ मध्ये गेली, तरी घर राहिलं. २००४ पासून हॉकनीने त्या घराच्या आसपासचा मुलूख रंगवायला घेतला, आधी जलरंगात आणि पुढच्या वर्षी तैलरंगात, उघड्यावर उभं राहून.

ब्रिडलिंग्टनमधून वोल्डगेट नावाचा जुना रोमन रस्ता निघतो. दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मध्ये झाडीचा पट्टा, पलीकडे शेतं. इंग्लंडमध्ये ‘निसर्ग बघायला’ निघालेले लोक उत्तरेच्या तळ्यांकडे किंवा स्कॉटलंडच्या डोंगरांकडे जातात. वोल्डगेटला कुणी मुद्दाम जात नाही. हॉकनी तिथे वर्षानुवर्षं गेला. या निवडीत त्याच्या चित्रांचं अर्धं यश आहे असं मला वाटतं. जागा प्रेक्षणीय असली की आपण जागा बघतो. जागा साधी असली की तिथे काय बदललं एवढंच बघायला उरतं.

२००६ मधली ‘वोल्डगेट वूड्स’ ही मालिका घ्या. झाडीत शिरणारी वाट, दोन्हीकडे उंच बुंधे, तीच जागा पुन:पुन्हा. प्रत्येक चित्र सहा कॅनव्हास जोडून केलेलं, वर तीन आणि खाली तीन, मिळून साधारण १२ फूट रुंद. सहा तुकडे करण्यामागे सोय होती. एवढा मोठा अखंड कॅनव्हास गाडीत घालून रानात नेता येत नाही. पण या सोयीचा डोळ्यावर परिणाम होतो. जोडाच्या रेघा दिसत राहतात आणि आपण एका झटक्यात सगळं बघण्याऐवजी तुकड्यातुकड्याने, मान वळवल्यासारखं बघतो.

या चित्रांची नावं अशी: ‘वोल्डगेट वूड्स, ३० मार्च ते २१ एप्रिल २००६’. ‘वोल्डगेट वूड्स, ६ आणि ९ नोव्हेंबर २००६’. ‘वसंत’ किंवा ‘शिशिर’ असा शब्दच नाही, नुसती तारीख. एप्रिलच्या चित्राला तीन आठवडे लागले आणि नोव्हेंबरच्या चित्राला दोन दिवस, हेही नावातच कळतं. आणि ते दोन दिवस सलग नाहीत. ७ आणि ८ नोव्हेंबरला काय झालं असेल? पाऊस असेल, धुकं असेल, चित्रकाराची पाठ धरली असेल. चित्राच्या नावात पडलेली ही दोन दिवसांची भोकं मला फार आवडतात.

तारखेची ही शिस्त हॉकनीने शोधलेली नाही. १८२१-२२ मध्ये जॉन कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास करत होता, तेव्हा कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहतो तेही टिपायचा. हॉकनीने एवढंच केलं की मागची नोंद पुढे आणली.

याउलट २००७-०८ मधली ‘थिक्सेनडेलजवळची तीन झाडं’. चार मोठी चित्रं, प्रत्येक आठ कॅनव्हासचं, उन्हाळा, पानगळ, हिवाळा, वसंत. तीच तीन झाडं चार पोशाखांत. देखणं काम आहे, पण वोल्डगेट वूड्सच्या शेजारी ठेवलं की मला ते कमी पडलेलं दिसतं. वर्षाला चार खोल्यांमध्ये वाटून टाकलं की प्रत्येक खोलीत आपल्याला आधीच माहीत असलेलं फर्निचर सापडतं. हिवाळ्यात काड्या, वसंतात हिरवं. आपण ऋतू ओळखतो आणि पुढे जातो. ओळखणं आणि बघणं यांत फरक आहे.

जानेवारीत सुरू होणारा वसंत

२००९ च्या सुमारास हॉकनीने आयफोनवर ‘ब्रशेस’ नावाचं ॲप घेतलं आणि अंगठ्याने चित्रं काढायला लागला. सकाळी अंथरुणातूनच खिडकीतल्या फुलांचं चित्र काढून मित्रांना पाठवायचा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि तो ते घेऊन वोल्डगेटवर गेला. त्यातून जे झालं त्याचं नाव ‘द अरायव्हल ऑफ स्प्रिंग इन वोल्डगेट, ईस्ट यॉर्कशर इन २०११’. एक ३२ कॅनव्हासचं, सुमारे ३२ फूट रुंद तैलचित्र आणि कागदावर मोठी छापलेली ५१ आयपॅड चित्रं, असं हे एकच काम. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते दाखवलं गेलं. आयपॅडची चित्रं जानेवारीच्या सुरुवातीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंतची आहेत.

जानेवारीपासून! वसंताच्या आगमनाचं चित्र आणि सुरुवात भर थंडीत, ओल्या डांबरावर आणि काळ्या काड्यांवर. पहिली काही चित्रं बघताना वसंत कुठे आहे असा प्रश्न पडतो, आणि तो पडणं हाच त्या मांडणीचा हेतू आहे. मी ही सगळी चित्रं मोबाइलवर आणि छापील पुस्तकात बघितली आहेत. मोबाइलवर ती ओळीने, तारखेच्या क्रमाने बघितली तर एक गोष्ट ध्यानात येते. हिरवं खालून वर येतं. आधी रस्त्याकडेचं गवत आणि तण, मग कुंपणाची झुडपं, आणि उंच झाडं सगळ्यांत शेवटी. हे वनस्पतिशास्त्रात ठाऊक असलेलंच आहे. वरचं छत्र पानांनी भरून ऊन अडण्याआधी खालच्या झाडोऱ्याला आपलं काम उरकायचं असतं. पण हॉकनीच्या चित्रांत हे माहिती म्हणून येत नाही. फेब्रुवारीच्या चित्रात रस्त्याच्या कडेला हिरव्याची एक बारीक किनार दिसते. पुढच्या चित्रात ती घोट्यापर्यंत येते. मग मे महिन्यात ती डोक्यावरून गेलेली असते आणि लांबवर दिसणारा रस्त्याचा शेवट झाकला जातो. जानेवारीत आरपार दिसणारं रान आता दिसत नाही. वसंत म्हणजे काहीतरी दिसेनासं होणं, हे मला या चित्रांनी शिकवलं.

याच काळातल्या हॉथॉर्नच्या, म्हणजे तिथल्या कुंपणांच्या काटेरी झुडपाच्या चित्रांबद्दलही बोलायला हवं. मेच्या आसपास ही झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडतात आणि थोड्याच दिवसांत बहर ओसरतो. २००९ च्या ‘मे ब्लॉसम ऑन द रोमन रोड’ या चित्रात हॉकनीने ही फुलं जाड, वळवळत्या अळ्यांसारखी रंगवली आहेत. सुंदर फूल असं म्हणायला जीभ धजत नाही. झुडपं सुजल्यासारखी दिसतात, थोडी भीतीही वाटते. चित्रकाराला फक्त काही दिवस मिळतात हे त्या फटकाऱ्यांत दिसतं. घाईत सौंदर्य सांभाळायला वेळ राहिलेला नाही आणि त्यामुळेच चित्र जिवंत राहिलं आहे.

आयपॅडने काय घेतलं

आता माझी तक्रार.

आयपॅडने हॉकनीला वेग दिला. पॅलेट मांडायची नाही, ब्रश धुवायचे नाहीत, रंग वाळायची वाट बघायची नाही. उजेड बदलायच्या आत चित्र पुरं. मोनेला ओकची पानं खुडावी लागली ती रंग आणि हवा दोघांनी मिळून त्याला मागे टाकलं म्हणून. ही अडचण आयपॅडने जवळजवळ मिटवली.

पण रंगाला स्वतःचा काही हट्ट असतो. तैलरंग ओला असतो, त्यावर दुसरा रंग चढवला की तो गढूळ होतो, तो टाळायला चित्रकार काहीतरी तिसरंच करतो. जलरंगात कागद पाणी पितो. आयपॅडवर हिरव्यावर पिवळं ठेवलं की पिवळं तसंच राहतं, स्वच्छ, उजळ, कोणाशीही न बोलणारं. म्हणून आयपॅडच्या चित्रांत ओल्या मातीचा रंग आणि कोवळ्या पानाचा रंग एकाच कारखान्यातून आल्यासारखे वाटतात. काचेच्या मागून प्रकाश येत असतो तोवर हे खपून जातं. माझ्या फोनवर ही चित्रं जशी दिसतात तशी पुस्तकात दिसत नाहीत. कागदावर उतरली की त्यांचा उजेड जातो आणि ठिपके, जाळ्या, ठरावीक ब्रशचे ठसे उघडे पडतात. शिवाय बोटाच्या हालचालीएवढा फटकारा छापताना काही फूट मोठा होतो, पण हाताने काही फूट हालचाल केलेली नसते. शरीर त्यात कमी पडतं. २००६ च्या सहा कॅनव्हासांसमोर उभं राहिलेल्या माणसाचा खांदा दिसतो. २०११ च्या कित्येक छापांत फक्त मनगट दिसतं.

ही तक्रार पुढे वाढते. २०१९ मध्ये हॉकनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत राहायला गेला. जुनं घर, भोवती फळझाडं. २०२० च्या मार्चमध्ये जग घरात कोंडलं गेलं तेव्हा त्याने डॅफोडिल फुलांचं एक आयपॅड चित्र प्रसिद्ध केलं. नावाचा आशय असा, की लक्षात ठेवा, वसंत कोणी रद्द करू शकत नाही. ते जगभर फिरलं. त्या दिवसांत त्याने अनेकांना धीर दिला असणार आणि मी त्याची थट्टा करणार नाही. पण चित्र म्हणून ते शुभेच्छापत्राच्या जवळ जातं. त्यात वसंत हा दिलासा आहे, आणि दिलासा देणारा वसंत नेहमी एकच असतो. २०११ च्या मालिकेत वसंत येईल की नाही याची धाकधूक होती. इथे त्याची आधीच खात्री दिलेली आहे.

त्याच बागेतल्या आयपॅड चित्रांना जोडून हॉकनीने ‘अ इयर इन नॉर्मंडी’ नावाचा सुमारे ९० मीटर लांबीचा पट्टा केला. २०२१ मध्ये तो पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात मांडला गेला. जिथे मोनेची प्रचंड कमळचित्रं आहेत तेच हे संग्रहालय. नॉर्मंडीतल्या बायो गावात अकराव्या शतकातलं सुमारे ७० मीटर लांबीचं भरतकाम आहे, त्याच्यावरून हॉकनीला ही कल्पना सुचली. चालत चालत बघायचं, हिवाळ्यातून वसंतात, वसंतातून उन्हाळ्यात. आपल्याला या बघण्याची सवय आहे. आपण रोज अंगठ्याने असेच पट्टे सरकवतो.

आणि माझी अडचण तिथेच आहे. ‘६ आणि ९ नोव्हेंबर’मधली भोकं या पट्ट्यात बुजली. एक चित्र दुसऱ्यात अलगद मिसळतं, मध्ये तारीख नाही, वाट बघणं नाही. नावातही ‘एक वर्ष’ आहे. कोणतं, ते नाही. ज्या चित्रकाराने वसंताला साल दिलं त्याच्याच हातून ते साल गळून पडलं.

कोळसा

या सगळ्यात उत्तम काय, असं मला कुणी विचारलं तर मी २०१३ च्या चारकोल चित्रांकडे बोट दाखवेन. त्यांची फारशी चर्चा होत नाही, कारण त्यांत रंग नाही आणि हॉकनी म्हणजे रंग असं समीकरण पक्कं झालंय.

२०१२ च्या अखेरीस हॉकनीला सौम्य पक्षाघात झाला. त्याच सुमारास वोल्डगेटवरचा एक उंच, मेलेला बुंधा कुणीतरी कापून पाडला आणि त्यावर रंगाने खरडून ठेवलं. या बुंध्याला हॉकनी ‘टोटेम’ म्हणायचा. त्याच्या कितीतरी चित्रांत तो येतो. मोनेने झाडाला थांबवायला पैसे मोजले. हॉकनीचं झाड एका रात्रीत गेलं आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने त्या आडव्या पडलेल्या खोडाची कोळशाने चित्रं काढली. मग हिवाळाभर आणि वसंतभर तो कोळसाच घेऊन त्या रस्त्यावर जात राहिला. पाच जागा, प्रत्येक जागा पाच वेळा, एकूण २५ चित्रं. नाव पुन्हा तेच, साल बदललेलं: ‘द अरायव्हल ऑफ स्प्रिंग इन २०१३’.

रंग नसताना वसंत कसा दाखवायचा? हिरवं म्हणायची सोय नाही. मग पान आल्याने सावली कशी बदलते, उघड्या फांदीची रेघ कशी तुटत जाते, रस्त्यावरचा उजेड कसा ठिपक्याठिपक्यांचा होतो, हेच चित्र होतं. जानेवारीच्या चित्रात कोळसा टोकाने वापरलाय. मेच्या चित्रात तो आडवा घासलाय, पुसलाय, पुन्हा ओढलाय. एका जागेची पाच चित्रं ओळीने बघितली की रेघ हळूहळू डागात बदलताना दिसते. कोळसा बोटाला लागतो, कागदाच्या खडबडीत दाण्यात अडकतो, चुकला की पूर्ण पुसला जात नाही. आयपॅडने काढून घेतलेला हट्ट इथे परत आला आणि त्यासोबत चित्रातली धाकधूकही.

आणखी एक गोष्ट. २०११ चा एप्रिल ब्रिटनमधला तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण एप्रिल होता. २०१३ चा मार्च तिथे कित्येक दशकांतला सर्वांत थंड मार्चांपैकी एक होता आणि वसंत रेंगाळला. म्हणजे रस्ता तोच, चित्रकार तोच, पण दोन वसंत वेगळे. एक पळत आला आणि एक पाय ओढत. ही दोन कामं शेजारी ठेवल्यावर कळतं, की ‘वसंत’ हे सामान्यनाम आहे आणि चित्र विशेषनामाचं काढायचं असतं.

इकडे

आपल्याकडे ऋतूंची चित्रं मुबलक आहेत. केशवदासाच्या ‘कविप्रिये’तल्या बारमाशावर बुंदीच्या चित्रकारांनी महिन्यामहिन्याची लघुचित्रं केली. त्यांत श्रावण आहे, फाल्गुन आहे, विजा आहेत, मोर आहेत आणि प्रवासाला निघालेल्या प्रियकराला थांबवणारी नायिका आहे. ते महिने काव्याच्या संकेतांतून आलेले आहेत. चित्रकाराने त्या श्रावणात बाहेर जाऊन भिजायची गरज नव्हती, आणि ती त्या कलेची उणीवही नाही. तिचा विषय विरह होता.

बाहेर जाऊन भिजायची परंपरा महाराष्ट्रात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वळणातून आली. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या परिसरात आयुष्य घालवलं. परांडेकर, हळदणकर यांनी निसर्गचित्राला प्रतिष्ठा दिली. आजही रविवारी सकाळी वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर जलरंग घेऊन बसलेली मुलं दिसतात. स्पॉटवर काम करण्यात आपली मंडळी कुणाला हार जाणारी नाहीत. पण आपल्या निसर्गचित्रांची नावं बहुधा जागेची असतात. घाट, देऊळ, गल्ली, मासळीबाजार. आणि उजेड बहुधा हिवाळ्यातल्या सकाळचा, तिरपा, सावल्या लांब पाडणारा.

यामागे आळस नाही, साधनाची अट आहे. जुलैत कोकणात जलरंगाचा वॉश वाळतच नाही, कागदाला बुरशी धरते. एप्रिलच्या दुपारी तोच वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचायच्या आत वरून वाळून जातो. आयपॅडही यातून पूर्ण सुटका करत नाही. टचस्क्रीनला पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरक नीट कळत नाही. हॉकनी तरी गारठ्यात आणि पावसात गाडीत बसूनच काढायचा. पण या अटीचा परिणाम असा, की आपल्या वर्षातला बराचसा भाग चित्राबाहेर राहतो. मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुमाची कोवळी पालवी लालभडक होते. युरोपात पानांचा तो रंग झडण्याआधी येतो, आपल्याकडे उगवताना. पळस आणि काटेसावर एकही पान अंगावर नसताना फुलतात. मे महिन्यातला डोंगर सिंहासारखा पिवळा-तपकिरी असतो आणि पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत ओळखू येत नाही. हे बदल वोल्डगेटपेक्षा जास्त जोराचे आहेत. त्यांच्यामागे तारीख लावून, एकाच जागी उभं राहून वर्षभर जाणारं काम मात्र विरळा दिसतं.

त्याऐवजी आपण ऋतूकडे प्रवासाला जातो. कास पठारावर फुलं आली की साताऱ्याला जायचं, धबधबा सुरू झाला की घाटात जायचं. फोन काढायचा, रील करायचं. पाऊस, धुकं, हिरवं, मागे गाणं. मीही ही रील्स आवडीने बघतो. पण त्यातलं एखादं थांबवून हे कोणत्या वर्षीचं असं विचारलं तर सांगता येत नाही. गेल्या वर्षीचा पावसाळा आणि त्याच्या आधीचा पावसाळा त्यात एकच आहे. शेतकऱ्याच्या घरी असं नसतं. तिथे ‘त्या वर्षी मृग कोरडा गेला’, ‘त्या वर्षी मोहोरावर अवकाळी आला’ असं बोलतात. त्यांच्या बोलण्यात ऋतूला साल असतं, कारण त्याची किंमत त्यांनी मोजलेली असते.

आज ऋतूंचं वेळापत्रक विस्कटलं आहे. अशा काळात ‘पावसाळा’ नावाचं सुंदर, बिनसालाचं चित्र आपल्याला खोटा धीर देतं. सगळं नेहमीसारखंच चाललंय असं ते सांगतं. हॉकनीच्या चित्रांना पर्यावरणाचा इशारा म्हणणं त्यांच्यावर लादणं होईल; त्याला फक्त बघण्याची हौस होती. पण तारीख लावून बघण्याच्या त्या हौसेतून जे राहिलं ते आज साक्ष म्हणून उभं आहे. २०११ साली या वळणावर हिरवं कधी आलं, आणि २०१३ साली कधी. यासाठी वोल्डगेटला जायला नको. सोसायटीच्या फाटकाजवळचा बहावा पुरेल, बस थांब्यामागचा पिंपळ चालेल. कागद, फोन, कोळसा, काय हाताशी असेल ते.

आणि चित्र काढत नसलो तरी बघताना एक करता येईल. पुढच्या वेळी एखादं पावसाळी निसर्गचित्र आवडलं तर सहीशेजारी, नावात किंवा कागदाच्या पाठीवर तारीख आहे का ते शोधायचं. नसेल तर चित्रकाराला विचारायचं, हा पाऊस कोणत्या वर्षीचा? ज्याला हे लगेच सांगता येईल, तो तिथे खरोखर भिजलेला असेल.